बिनउंबऱ्याचं घर

सोमवारी सकाळी जयवंताच्या दारावर कागद चिकटवला गेला, तेव्हा ती आत चहाला आधण ठेवत होती. दारावर थाप पडली. कुणीतरी चावी ठेवायला आलं असंल म्हणून ती आतूनच "ये की गं" म्हणाली. नुसता ब्रश फिरल्याचा आवाज झाला, मग मोटारसायकलला किक बसली. ती बेअरिंगच्या चाकांच्या बुटक्या गाड्यावर बसून, हात जमिनीला रेटत दारात येईतोवर पंचायतीचा शिपाई फाट्याच्या वळणाला लागला होता. दार उघडं, आत बाई जागी, चुलीचा धूर बाहेर येतोय, तरी हाक मारून कागद हातात द्यावा एवढं काही त्याला सुचलं नाही. दाराच्या फळीला खळ लावली आणि मोकळा झाला.

कागद चिकटवला तोही उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. जयवंता गाड्यावर बसलेली, म्हणजे जमिनीपासून वीतभर वर. मान मागं टाकून, डोळे बारीक करून तिनं तो वाचला. 'गोठा क्र. ११२ येथे वास्तव्यास असणाऱ्या निराधार दिव्यांग महिला श्रीमती जयवंता आबाजी कोकरे यांचे पुनर्वसन करण्याचा ठराव ग्रामसभेत एकमताने मंजूर झाला आहे. शुक्रवारी सकाळी दहा वाजता निराधार महिलांच्या निवासी संस्थेचे वाहन येईल. कपड्यांचे दोन जोड सोबत ठेवावेत.'

कपड्यांचे दोन जोड! शेहेचाळीस वर्षांची बाई, तीसपस्तीस वर्षं या वाडीच्या मातीत हात घासत फिरलेली, आणि तिला काय सांगायचं, तर दोन जोड बांधून ठेव. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ते जयवंताला पुरेपूर कळत होतं. पोलिओनं पायातलं बळ नेलं होतं, आग नव्हती नेली. तिनं कागद पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचला आणि पहिल्याच शब्दावर अडकली. गोठा कुणाचा? गोठ्यात कोण राहतं?

वाडीचं नाव विचारू नका. कळस गावाच्या अलीकडं एक फाटा लागतो, तिथून आत वळलं की दोन्ही अंगांना ऊस, पाण्याची चारी, आणि पुढं तीसचाळीस घरं. पूर्वी ही सगळी मेंढरामागं फिरणारी माणसं. आता कुणाचा ऊस आहे, कुणाच्या दावणीला चार जर्सी, कुणी बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्टला जातं. सकाळी नऊ वाजले की वाडी रिकामी होते, आणि ज्याच्या घरी मागं कुणी उरत नाही तो जाताना घराची चावी जयवंताकडं टाकून जातो. तिच्या भिंतीला सतरा खिळे आहेत. कुठल्या खिळ्याला कुणाची चावी, ते ती अंधारातही सांगेल. शाळेतनं पोर लवकर आलं, दूधवाला आला, बँकेचा माणूस आला, गॅसची गाडी आली, सगळ्यांना ठाऊक, आधी जयवंताक्काकडं जायचं. शिवाय तिचं हातानं फिरवायचं शिलाई मशीन आहे, बुटक्या पाटावर बसवलेलं. साऱ्या वाडीच्या बायकांची झंपरं त्यावर शिवून होतात. आता सांगा, ही निराधार. हिला आधार द्यायला पुण्याच्या पलीकडनं गाडी येणार.

आता त्या घराची गोष्ट सांगायला हवी, त्याशिवाय गोठ्याचा उलगडा व्हायचा नाही.

जयवंताचा बाप आबाजी मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की मेंढरांचं खांड घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत फिरायचं. जयवंता दोन वर्षांची असताना ताप आला, ताप गेला आणि पाय लुळे पडले. भाऊबंदांनी सांगितलं की पोरीला आजीजवळ ठेव, वाटेवर हिला कुठं वागवतोस. आबाजीनं ऐकलं नाही. बिऱ्हाड लादलेल्या घोड्यावर, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी त्यानं पोरीला बांधली आणि चालू लागला. धाकटा भाऊ दादासो तिच्यापाठी सहा वर्षांनी झाला, तोही तिच्याच मांडीवर त्याच घोड्यावरून कोकण हिंडला. घाटात दादासो रडायला लागला की आई साखरबाई खालून ओरडायची आणि जयवंता त्याला घट्ट धरून ठेवायची. ती दहाबारा वर्षांची होईतोवर तिला आपलं काही कमी आहे असं फारसं वाटलंच नाही. मुक्कामाला सगळेच जमिनीवर बसत, ती पण बसे.

मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आबाजीनं मेंढरं विकली आणि चार खणांचं पक्कं घर बांधलं. घराला उंबरा बसवला, चांगला वीतभर उंच. आणि त्या दिवसापासून जयवंता अपंग झाली.

खरंच सांगतो, तिथून पुढं तिच्या गुडघ्यांवरच्या जखमा कधी सुकल्या नाहीत. दिवसातनं वीस वेळा उंबऱ्यावरून अंग घासत आतबाहेर. पाहुणे आले की तिला आतच बसवायचे, कारण बाहेर काढायला कुणीतरी उचलायला हवं. एकदा घरात कुणी नसताना ती बाहेर यायला निघाली, उंबऱ्यावर पोट आलं आणि तशीच अडकली, अर्धी घरात अर्धी अंगणात. आबाजी रानातनं आला तेव्हा ऊन तिच्या पाठीवर आलं होतं. त्यानं तिला उचललं, पाणी पाजलं, आणि पहार घेऊन उंबरा उखडायला सुरुवात केली.

साखरबाईनं आकांत मांडला. उंबऱ्याशिवाय घर असतं का, हळदकुंकू वाहायचं कुठं, दादासोची नवरी आत येताना माप कुठं ओलांडणार? चार शहाणी माणसं गोळा झाली. आबाजीनं बायकोचं मन राखलं, उंबरा परत बसवला, पण लेकीला रस्त्याकडेला वेगळी खोली बांधली. तिला उंबरा नाही. पाणी आत येऊ नये म्हणून जमिनीला दाराकडं उतार दिला, आणि विंचूकाट्याचं भय नको म्हणून फळीखाली जुन्या टायरची पट्टी ठोकली. कुठल्या इंजिनियरनं शिकवलं नव्हतं त्याला. लेकीचा गाडा आतबाहेर खडखड करत जातो की नाही हे बघत बघत त्यानं तो उतार तीनदा मोडला आणि तीनदा केला.

गावातले म्हातारे नाकं मुरडून म्हणाले, बिनउंबऱ्याचं म्हणजे गोठाच की हा. आबाजी हसला. "जलमभर पालात ऱ्हायलो, पालाला कुठं उंबरा व्हता? मग आमी काय माणसं नव्हतो?" असं त्यानं त्यांना विचारलं.

आणि इथंच त्या भल्या माणसाची चूक झाली. पुढं पंचायतीतनं घरांची नोंद करायला एक कारकून आला. त्यानं खोली बघितली, दार बघितलं, आणि उंबरा नाही म्हणून विचारलं, गोठा लिहू का? मेंढरांच्या उबेला झोपलेल्या माणसाला गोठ्याची कसली लाज? आबाजी बिडी ओढत म्हणाला, लिव काय लिवायचं ते. कारकुनानं लिहिलं. आबाजी वारला, साखरबाई वारली, कारकूनही कुठं बदलून गेला. तो शब्द मात्र वहीत बसून राहिला, आणि दोन दशकांनी खळ लावून दारावर आला.

जयवंतानं पहिल्यांदा दादासोला हाक मारली. त्याचं घर शेजारीच, तेच चार खणांचं. तो आला तो खाली मान घालून, आणि त्या मानेवरूनच तिनं ओळखलं की याला सगळं ठाऊक आहे. हळूहळू एकेक बाहेर आलं. शनिवारी गावाची तपासणी आहे. आदर्श गावाच्या बक्षिसासाठी वरनं कमिटी येणार आहे, आणि त्यांच्या फॉर्मात एक प्रश्न आहे, गावात गोठ्यात राहणारी माणसं किती. सरपंच मानसिंगरावांना तिथं शून्य लिहायचंय. ग्रामसभा देवळाच्या मंडपात झाली, पाच पायऱ्या चढून, त्यामुळं जयवंताला कुणी बोलावलंच नाही. सभेची रीत साखर कारखान्याच्या सभेसारखीच. ठराव वाचायचा, आणि पुढच्या रांगेनं 'मंजूर, मंजूर' म्हणायचं. तरीपण नियम म्हणून मानसिंगरावांनी विचारलं होतं, ज्यांचा विरोध असंल त्यांनी उभं राहावं. कुणी उभं राहिलं नाही.

हे ऐकून जयवंताला हसू फुटलं. कडू हसू. म्हणजे मंडपात उचलून नेलं असतं तरी तिचा विरोध लिहिलाच गेला नसता. तिनं विचारलं, आणि कागदावर सही कुणाची लागली? निराधार बाईला न्यायचं म्हणजे कुणीतरी पालक लागत असंल.

दादासोनं पायानं माती उकरली. सही त्याचीच होती. लोक तोंडावर बोलतात, म्हणाला, भैनीला गोठ्यात ठेवलंय. सासुरवाडीचे बोलतात. तिकडं जेवण वेळेवर, पलंग आहे, टीव्ही आहे, डॉक्टर येतो. तुझ्या भल्यासाठीच केलं. शेवटचं वाक्य तो दोनदा म्हणाला.

या पोराला तिनं घाटात धरून ठेवलं होतं. जयवंताच्या तोंडावर कितीतरी शब्द आले आणि तिनं ते गिळले. तिनं एकच विचारलं.

"तितं दाराला कडी आतनं हाय का भायेरनं?"

दादासोनं उकरलेली माती पायानं परत सारखी केली. मग म्हणाला, "त्ये काय मी इचारलं न्हाय, आक्का."

"मलाबी न्हाय इचारलंस," जयवंता म्हणाली, आणि गाडा वळवून आत गेली. त्या दिवशी तिनं त्याच्या घरची चावी खिळ्यावरून काढून रेश्माच्या, म्हणजे भावजयीच्या, हातात ठेवली. वन्सं असं का करताय म्हणून ती बिचारी रडायला लागली. जयवंतानं तिला काही सांगितलं नाही. ज्यानं सही केली त्यानंच सांगावं.

मग तिनं काटेवाडीला ऋषिराजला फोन लावला. ऋषिराज जन्मापासून आंधळा, त्याचं मोबाईल रिचार्जचं आणि किराणाचं दुकान आहे. दोघांची ओळख पंधरा वर्षांपूर्वीची, बारामतीतल्या मोर्चातली. तीनचाकी सायकली, कुबड्या, काठ्या, साठसत्तर माणसं उन्हात एका कचेरीपुढं बसलेली, आणि साहेब दुसऱ्या मजल्यावर. निवेदन वर पाठवा असा निरोप आला. ऋषिराजनं उलट निरोप धाडला, साहेबांना खाली पाठवा. तीन तास कुणी हललं नाही. शेवटी साहेब उतरले, जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले, आणि एकेकाचं ऐकून घेतलं. त्या दिवशी सगळे मिळून एकच ओरडत होते, आमचं आमाला इचारा. जयवंतानं तोवर आयुष्यात कुणापुढं आवाज चढवला नव्हता. परत येताना तिचा घसा बसला होता आणि ती वाटभर खूश होती. नंतर एकदा ऋषिराज वाडीला आला, तेव्हा दारात काठी फिरवून म्हणाला होता, सगळ्या मुलखात हे एकच दार असं, जिथं माझी काठी अडत नाही.

फोनवर त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मग इतक्या शिव्या दिल्या की त्या इथं लिहिता यायच्या नाहीत. शांत झाल्यावर म्हणाला, पंचाण्णवला एक कायदा झाला, त्यात आपल्याला सवलती मिळाल्या. दोन हजार सोळाला दुसरा झाला, त्यात हक्क मिळाला. चारचौघांत, आपल्या गावात राहायचा हक्क. अमक्याच ठिकाणी राहा म्हणून कुणाला आपल्यावर सक्ती करता येत नाही. भावाला नाही आणि सरपंचालाही नाही. "तू त्या वहीचा उतारा माग. आन उंबऱ्याचा नियम कुठं लिवलाय त्यो दाखवा म्हनावं," असं त्यानं बजावलं.

मंगळवारी ती तीनचाकीवर बसून पंचायतीत गेली. पंचायतीला तीन पायऱ्या आहेत. बाजूला उतारही केलाय, केल्याचा फोटोही वर गेलाय, पण उताराच्या तोंडाशी मानसिंगरावांची मोटारसायकल उभी असते, कारण तिथं सावली आहे. जयवंतानं खालूनच घंटी वाजवायला सुरुवात केली. सायकलची घंटी, टिंग टिंग टिंग, थांबेचना. आतली माणसं खिडकीतनं डोकावून गेली. शेवटी ग्रामसेवक सौरभ बाहेर आला. नवा पोरगा, वर्षही झालं नव्हतं लागून, सगळे त्याला भाऊसाहेब म्हणत आणि त्याला ते अजून अवघडल्यासारखं होई. तिनं त्याच्याकडं नोंदवही मागितली. उतारा उद्या मिळेल, तो म्हणाला. आज दाखवा, ती म्हणाली, मी वर येऊ शकत न्हाय, वही खाली येऊ शकती.

सौरभनं वही आणली आणि तिच्या सायकलच्या दांडीवर उघडून धरली. एकशे बारा. मालमत्तेचा प्रकार, गोठा. शेरा, उंबरा नाही. बापाच्या घराचं एवढंच वर्णन. तो उतार, ती टायरची पट्टी, ते तीनदा मोडून केलेलं काम, सगळं त्या दोन शब्दांत संपवलेलं. जयवंताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचा तिला आणखी राग आला.

"भाऊसाहेब, उंबरा नसला तर घर न्हाय, असं कुठल्या कागदात लिवलंय?"

सौरभ आत गेला, नियमांचं पुस्तक चाळलं, तालुक्याला फोन केला. अर्ध्या तासानं बाहेर येऊन म्हणाला की असा नियम कुठंच नाही. भिंत कशाची, छप्पर कशाचं, एवढंच विचारायचं असतं. उंबऱ्याला रकानाच नाही. हे सांगताना त्याचे कान लाल झाले होते.

म्हणजे बघा. जो नियम कधी नव्हताच, त्याच्या जोरावर एका बाईला गावातनं उचलायचं, आणि सगळ्या गावानं त्याला मंजूर म्हणायचं. कुणाला एवढंही वाटू नये, की जिच्याकडं आपण रोज घराची चावी देतो ती कुठं राहते ते एकदा नीट बघावं.

मानसिंगराव तेवढ्यात आतून बाहेर आले. माणूस तसा वाईट नाही, हेच तर अवघड आहे. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ते हात जोडून म्हणाले, जयवंताबाई, तुमचा राग समजतो, पण गावाची इज्जत आहे. कमिटी दारात आली आणि बिनउंबऱ्याची खोली बघितली, तर नियम असो नसो, गोठाच म्हणणार. मी बघतो काय करायचं ते. तुमचं काम झालं म्हणून समजा. ती काही बोलायच्या आत त्यांनी मोटारसायकल काढली. उतार तेवढा मोकळा झाला.

बुधवारी काहीच झालं नाही. जयवंता मशीन घेऊन बसली आणि तिनं एक बाही दोनदा उलटी जोडली. बायका येत होत्या, सरळ आत शिरत होत्या, चावी अडकवत होत्या, जात होत्या. तिच्या घरात शिरताना कुणी पायताण काढत नसे. आजवर तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. उंबरा नाही, तर थांबायचं कुठं, पायताण काढायचं कुठं, हे त्यांना समजत नसंल. पण त्या दिवशी ती प्रत्येकीच्या पायांकडं बघत राहिली.

गुरुवारी तिसऱ्या प्रहरी टेम्पो आला. आधी तिला वाटलं एक दिवस आधीच न्यायला आले. पण टेम्पोतनं गवंडी दत्तोबा उतरला, आणि दोन गड्यांनी मिळून एक काळा कुळकुळीत ग्रॅनाइटचा दगड खाली घेतला. चांगला नऊ इंच उंच, वर पॉलिश, आणि बाजूला पांढऱ्या अक्षरांत कोरलेलं, सौजन्य, मानसिंगराव. मागोमाग मानसिंगराव स्वतः, काखेत वही घेऊन सौरभ, आणि सगळ्यांच्या मागं दादासो. मानसिंगरावांचा चेहरा लग्नात आहेर घेऊन आलेल्या माणसासारखा खुलला होता. ते म्हणाले, घ्या, तुमचा प्रश्नच मिटवला. आत्ता उंबरा बसवतो, भाऊसाहेब वहीत घर लिहितील, ठराव मागं घेतो, उद्याची गाडी रद्द. शनिवारी कमिटीला पहिलं हेच घर दाखवू.

दत्तोबानं पहार काढली आणि दाराच्या चौकटीपाशी टेकवली.

जयवंता त्या पहारीकडं बघत राहिली. आबाजीनं एक पहार घेऊन उंबरा काढला होता आणि हे दुसरी घेऊन बसवायला आले होते. आणि सगळे हसऱ्या तोंडानं तिच्याकडं बघत होते, तिनं आभार मानावेत म्हणून.

"आन मी आत कशी जानार?" तिनं विचारलं.

मानसिंगराव थांबले. हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग मागं वळून म्हणाले, दादासो हाय की उचलायला.

तिनं गाडा पुढं ढकलला, बरोबर दाराच्या रेषेवर आणला, आणि हातांवर भार देऊन त्यावरून खाली उतरली. दोन्ही पाय हातानं उचलून आडवे ठेवले आणि चौकटीला पाठ लावून बसली, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. दत्तोबाला पहार मागं घ्यावी लागली. संध्याकाळ होत आली होती. उसातनं, दुधाच्या डेअरीवरनं बायका परतत होत्या, आणि चावी घ्यायला म्हणून एकेक येऊन टेम्पोच्या बाजूला थबकत होती.

"मानसिंगराव, उंबरा कशाला असतो?" जयवंता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "भायेरच्यानं तितं थांबावं, इचारावं, मग आत यावं म्हनून असतो. तुमी मला गाडीत घालायचं ठरीवलं, कुणी इचारलं? सभंत मंजूर म्हनला, कुणी इचारलं? आज ह्यो धोंडा घिऊन आला, तवा तरी इचारलं का? उंबरा माज्या दाराला न्हाय असं न्हाय. तुमाला कुनालाच त्यो दिसत न्हाय. आता ही मी बसली. ह्योच उंबरा. वलांडायचा तर इचारून."

मानसिंगरावांनी खिशातनं रुमाल काढला, मान पुसली, आणि म्हणाले की लोकांचं भलं करायला जावं तर हे असं ऐकून घ्यावं लागतं. फोन कानाला लावून ते टेम्पोच्या पलीकडं गेले. संस्थेच्या माणसाला उद्या येऊ नका म्हणून सांगत होते, ते सगळ्यांना ऐकू आलं. चूक झाली असं काही ते म्हणाले नाहीत, आणि पुढंही कधी म्हणतील असं वाटत नाही.

सौरभनं वही उघडली आणि पुढं आला. जयवंताच्या पायांपासून हातभर अंतरावर उकिडवा बसला, म्हणजे दोघांचे डोळे समोरासमोर आले. त्यानं विचारलं, "आक्का, तुम्हाला कुठं राहायचंय?"

सोमवारपासून हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. खरं तर शेहेचाळीस वर्षांत पहिला.

"हितं," ती म्हणाली.

त्यानं गोठा या शब्दावर रेघ मारली, वर घर लिहिलं, सही केली, तारीख टाकली. मग शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. इथं काय लिहू, त्यानं विचारलं. तिथं अजून 'उंबरा नाही' होतं.

"ऱ्हाऊ द्या तसंच," जयवंता म्हणाली. "माज्या बापाचं काम हाय त्ये."

दत्तोबानं दगडाचं काय करू म्हणून दोनदा विचारलं, आणि शेवटी तो भिंतीकडेला अक्षरं खाली घालून पालथा टाकला आणि टेम्पो गेला. बायका अजून उभ्याच होत्या. त्यातली भीमा, पलीकडच्या गल्लीतली, रोज डोक्यावरच्या भाऱ्यासकट धाडकन आत शिरणारी, दोन पावलं पुढं आली. भारा खाली ठेवला. चपला काढल्या. जयवंता जिथं बसली होती तिथं येऊन थांबली.

"आक्का, चावी घ्यायची हुती. येऊ का आत?"

"ये," जयवंता म्हणाली, आणि पाय हातानं उचलून बाजूला घेतले.

मग एकेक करून सगळ्या आल्या. सगळ्यांनी विचारलं. काही जणींना विचारताना लाज वाटली, काहींना हसू आलं, एकीनं तर विचारताना डोळ्याला पदर लावला. खिळे रिकामे होत गेले. अंगणात फक्त दादासो उरला. त्याच्याकडं घ्यायला चावीच नव्हती, ती आता त्याच्या बायकोकडं होती. तो बराच वेळ घुटमळला. मग त्यानंही चपला काढल्या आणि दारापाशी आला.

"आक्का," तो म्हणाला, "येऊ का?"

जयवंतानं त्याच्याकडं बघितलं. तिला घाट आठवला, घोडं आठवलं, आणि कागदावरची त्याची सहीही आठवली.

"थांब जरा," ती म्हणाली.

ती आत गेली आणि अर्धवट राहिलेली बाही शिवायला घेतली. दादासो त्या पालथ्या दगडावर बसून राहिला.